गैरहजर प्रवासी

कुणाकडं एखादी गोष्ट दोनदा मागणं मन्मथअप्पांना जमलं नाही. एकदा सांगायचं, हळू आवाजात सांगायचं आणि बाजूला होऊन बसायचं. समोरचा माणूस आहे, त्याला कान आहेत, काळीज आहे, तो करेल, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब कमलनगरच्या बाजारात त्यांना उभ्या आयुष्यात कधी चुकलेला दिसला नाही. चुकला तो एकदाच, आणि असा चुकला की माणूस आतून मोडला.

आमची दुकानं समोरासमोर. माझं औषधांचं, त्यांचं भांड्यांचं. सकाळी मी शटर वर ढकललं की समोर अप्पा कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सरकवून गादीवर बसलेले असायचे. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. गिऱ्हाइकाशी भाव उर्दूत, घरात कानडी, माझ्याशी मराठी. औरादकडचा कुणी आला तर तेलुगूही चालायची. पातेलं विकायच्या आधी ते बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. आवाज पसंत पडला नाही तर ते भांडं मागं ठेवून दुसरं काढायचे, गिऱ्हाईक घाईत असलं तरी.

माझं तोंड फटकळ. दिवसातून एकदा तरी कुणाशी तरी वाजल्याशिवाय माझं दुकान बंद होत नाही, हे सगळ्या कमलनगरला ठाऊक आहे. माझा आवाज चढला की अप्पा समोरून हात वर करायचे. "दिगंबरा, बस की आता. बीपीच्या गोळ्या इकायला ठिवलास, त्या तुलाच गिळाव्या लागतील." मग गिऱ्हाईकही हसायचं आणि मीही.

लग्नाकार्याला मोठी पातेली, हंडे, पराती त्यांच्याकडून भाड्यानं जायच्या. पण मयताच्या घरचा माणूस आला की अप्पा भाड्याचं बोलत नसत. कुणाच्या घरचं, कोण गेलं, कशानं गेलं, काही विचारत नसत. नोकराला खूण करायचे, भांडी निघायची. मी एकदा म्हणालो, "अप्पा, विचारावं तरी. उद्या कुणी खोटं सांगून नेईल."

"नेऊ दे," ते म्हणाले. "मयताचं खोटं सांगून पातेलं नेणाऱ्याला त्या पातेल्यातलं गोड लागल का? दुःखाच्या माणसाला दुसऱ्यांदा बोलायला लावू नाही, दिगंबरा. एकदा बोलतानाच त्याचा जीव जातंय."

ही रीत त्यांची एकट्याची नव्हती. आमच्या भागातल्या जीपगाड्यांची हीच रीत आहे. कमलनगरहून खेड्यांकडं जाणारी जीप खच्चून भरलेली असली, टपावर माणसं असली, तरी कुणी येऊन ड्रायव्हरला "मयतीला जायलोय" म्हणालं की विषय संपला. तो माणूस रेटारेटी करत नाही. बाजूला लिंबाखाली जाऊन बसतो. ड्रायव्हर पुढच्या सीटवरल्या कुणाला तरी खाली उतरवतो आणि मग त्याला हाक मारून बोलावतो. उतरणारा कुरकुर करत नाही, आज त्याची पाळी तर उद्या माझी. अप्पा स्वतः कितीदा असे उतरले असतील! एकदा भर चिखलात, बरोबर नवरीच्या आंदणाची भांडी असताना उतरले. मी त्याच जीपमध्ये मागं बसलेला. मी बोंबललो, "अप्पा, तुम्ही कामून उतरायलाव? पोरं बसलीत की तरणीताठी!" तर म्हणाले, "माझ्याकडं बघितलं ड्रायव्हरनं. आता मी दुसऱ्याकडं बोट दाखवू व्हय?"

त्यामुळं कायदा, सरकार, साहेब या मंडळींशी अप्पांचं कधी जमलं नाही. एकदा जास्त माणसं बसवतात म्हणून एका तपासणी साहेबानं स्टँडवर जीपा अडवल्या. अप्पा दुकानातून उठून गेले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा कायदा सीट मोजतंय. ह्या गाडीत माणसं बसत्यात. त्यांचं ते बघून घेत्यात, तुमी कामून तरास घ्यायलाव?" साहेबानं काही ऐकलं नाही, दंड केलाच. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला साहेबाचंही पटलं होतं, कारण टपावरून पडून मेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण अप्पांना तोंडावर कोण सांगणार?

आता अक्काचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी आहे. गंगाक्का ही अप्पांची थोरली बहीण, दुबलगुंडीला दिलेली. आई लवकर गेली आणि अप्पांना वाढवलं ते ह्या अक्कानं. लग्न होऊन सासरी गेली तेव्हा भावाला कडेवर घेऊनच गेली म्हणे. सासू बोलली तर म्हणाली, "ह्याला ठिवायचं असंल तर मी राहते." अप्पा साठीच्या पुढं गेले तरी अक्काच्या घरी गेल्यावर तिनं भाकरी मोडून हातात दिल्याशिवाय खात नसत. आम्ही चिडवायचो, तर लाजायचे सुद्धा!

अक्का गेली तेव्हा अप्पा बेंगळुरूला मुलाकडं होते. सकाळीच फोन गेला. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भावानं आणायचं. माहेरात आता अप्पांशिवाय कुणी उरलं नव्हतं. मुलानं धडपडून दुपारच्या बीदरच्या विमानाचं तिकीट काढलं. एकच मिळालं. विमानतळाकडं जाताना वाटेत गाडी थांबवून अप्पांनी हिरवं इरकल घेतलं. रंग त्यांनी स्वतः निवडला, असं मुलगा नंतर सांगत होता. दारापाशी त्यांनी मुलाला परत लावून दिलं. म्हणाले, "तू लेकरं-बाळं घेऊन गाडीनं निघायचं बघ. मी पोचतोय संध्याकाळच्या आत."

इकडं दुबलगुंडीत अक्काला आंघोळ घालून, विभूती लावून, फुलांच्या माळा घालून बसवलं होतं. आमच्याकडच्या लिंगायतांत मयत आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. जंगम स्वामींनी सांगितलं, दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे. अप्पांच्या भाच्यानं मला फोन केला, "काका, मामाला आणायला बीदरला जाता का?" मी दुकान बंद केलं आणि जीप घेऊन विमानतळावर जाऊन थांबलो.

विमान आलं. माणसं बाहेर पडायला लागली. बॅगा ओढत, फोनवर बोलत, हसत. मी एकेकाचं तोंड बघत होतो. गर्दी संपली, मग विमानात काम करणारी मुलंमुली गणवेशात बाहेर आली, आणि मग दारातून कुणी येईनाच. मी शिपायाला विचारलं, "आत कुणी म्हातारं माणूस राहिलंय का, पांढरा सदरा, धोतर?" तो म्हणाला, "कोई नहीं, चाचा." अप्पांचा फोन बंद. मुलालाही काही ठाऊक नव्हतं. त्याच्या मते वडील विमानात होते.

झालं होतं असं. काउंटरवरच्या मुलीला अप्पांनी तिकीट दाखवलं आणि हळूच सांगितलं, "बहिणीच्या मयतीला जायलोय, बाई." हिंदीत सांगितलं, तिला समजेल असं. विमानात जागा होत्या त्यापेक्षा जास्त तिकिटं विकलेली होती. ती म्हणाली, "बाबा, आप उधर बैठिए, बताते हैं." अप्पा बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले. लुगड्याची पिशवी मांडीवर. विमानात फोन बंद ठेवायचा असतो, कुणीतरी कधी सांगितलेलं, म्हणून बसल्याबसल्या फोनही बंद करून टाकला. आणि हाक यायची वाट बघत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, उठून विचारायचं नाही का? मीही हेच म्हणालो. रागानं म्हणालो. पण त्यांच्या लेखी विचारायचं काही उरलेलंच नव्हतं. मयताचं सांगून झालं होतं. तिनं बसायला सांगितलं होतं. आता ती कुणाला तरी उतरवेल आणि हाक मारेल. मागून आलेली माणसं पुढं जाताना दिसत होती, पण जीपमध्येही आधी बाकीचे चढतात आणि मयताचा माणूस शेवटी बसतो. ती मुलगी उठून गेली, तेव्हा अप्पांना वाटलं, जागा करायलाच गेली. काउंटरवरचा दिवा विझला. बऱ्याच वेळानं झाडणारी बाई आली, तिनं विचारलं, "अज्जा, कुठं जायचंय?" तेव्हा कळलं की विमान उडून गेलंय.

दुबलगुंडीत सगळे वेशीकडं डोळे लावून बसले होते. मी रिकामी जीप घेऊन पोचलो तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या, कारण त्यांना वाटलं अप्पा आले. मला खाली उतरवेना. स्वामींनी आणखी थोडं थांबू म्हटलं. शेवटी उजेड जायला लागला तेव्हा सुनेनं कपाटातलं एक लुगडं काढलं आणि अक्काला सासरच्या लुगड्यात नेलं. शेतात, लिंबाच्या पलीकडं.

अप्पा मुलाच्या गाडीनं दुसऱ्या दिवशी आले. ताजी माती बघितली आणि तिथंच पिशवी पोटाशी धरून खाली बसले. रडले नाहीत. भाचा जवळ येऊन म्हणाला, "मामा, आमी लई वाट बघितली." बिचाऱ्यानं समजूत घालायला म्हटलं होतं, पण ते अप्पांना सुईसारखं टोचलं. ते इरकल पुढं कुणी घेईना. मेलेल्या बाईच्या नावानं आणलेलं लुगडं, कोण नेसणार?

मुलानं कंपनीकडं तक्रार केली. उत्तर आलं ते मीच अप्पांना वाचून दाखवलं. भाषा गोड होती. दुःखाबद्दल सहवेदना होती, पुढच्या प्रवासाचं एक तिकीट फुकट द्यायची तयारी होती, आणि मधे एक ओळ होती: सदर प्रवासी उड्डाणासाठी वेळेत हजर झाले नाहीत.

अप्पांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "हजर न्हाई? म्हंजे मी आलोच न्हाई?"

"तसंच लिहिलंय, अप्पा."

"मी तर तिथंच होतो की रे! तिच्या म्होरं बसलो होतो!" त्या दिवशी पहिल्यांदा मी अप्पांचा आवाज चढलेला ऐकला. रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली.

ते तिकीट त्यांनी घेतलं नाही. पैसे, भरपाई, काही नको म्हणाले. त्यांना ती ओळ खोडून हवी होती. जी बहीण आपली वाट बघत मातीत गेली, तिच्या मयतीला भाऊ आलाच नाही असं कुठंतरी कायमचं लिहून राहिलंय, हे त्यांना सोसवेना. आणि ती ओळ खोडायला कंपनीला कोण सांगणार? ज्यानं लिहिली त्यालाच विनंती करायची? तिथून अप्पांची बोली बदलली. ज्या माणसानं जन्मभर साहेबांना "तुमी कामून तरास घ्यायलाव" म्हटलं, तोच माणूस म्हणायला लागला, "नेम पायजे. वर कुणीतरी बघणारा पायजे."

आता कमलनगरात ह्या गोष्टीवरून दोन तट पडले. कापड दुकानवाले शंकरराव अप्पांचे जुने दोस्त, पण ते तोंडावर म्हणाले, "अप्पा, कसंबसं एक विमान आलंय बीदरला. मधे बंद पडलं होतं, इसरलाव का? तुमी सरकारला मधे घातलं तर कंपनी म्हणंल, परवडत न्हाई, चाललो. मग बसा पुन्हा रात्रभर बशीत! अन् नेम काय आज न्हाईत? हायतच की कागदावर. सरकारनं कुठली गोष्ट सुधारली आजपतोर? एकीनं फसवलं तर माणूस दुसरीचं तिकीट काढतंय, हाच खरा दंड."

"दुसरी कुठाय बीदरला?" अप्पा म्हणाले.

तरी शंकररावांचं म्हणणं अगदीच फोल नव्हतं. माझा जावई बेंगळुरूला असतो, त्या विमानावर आमचंही येणंजाणं आहे. बाजारातली चार माणसं अप्पांना टाळायला लागली. "एका म्हाताऱ्यापायी गावाचं विमान जाईल" असं मी माझ्या दुकानात, माझ्याच काउंटरपाशी ऐकलं. त्या माणसाला मी औषध दिलं नाही, जा म्हटलं दुसरीकडं. पण अप्पांच्या कानावर गेलंच. त्यांना त्याचं वाईट वाटलं. गावानं आपल्यासाठी काही सोसावं, हे त्यांना कधी आवडलं नव्हतं. तरी मागं हटले नाहीत.

मग बीदरला विमानाच्या प्रवाशांच्या तक्रारी ऐकायला एक बैठक लागली. सरकारचे मोठे अधिकारी येणार, कंपनीचा माणूस येणार. मुलगा म्हणाला, वकील देतो. अप्पा म्हणाले, दिगंबर येईल संगट. मला आदल्या दिवशीच बजावलं, "तू तोंड उघडायचं न्हाई."

कंपनीचा माणूस तरुण होता, सभ्य होता. मला त्याला शिव्या घालायच्या होत्या, पण तो उठून अप्पांच्या पाया पडला आणि माझी पंचाईत झाली. तो म्हणाला, "आजोबा, आमच्याकडं रोज कितीतरी लोक येऊन सांगतात, मयत आहे, दवाखाना आहे. त्यातले काही खोटं बोलतात. कुणाचं खरं मानायचं? तरी आम्ही शक्य तेव्हा सहानुभूतीनं बघतो."

अप्पा उभे राहिले. टेबलाच्या कडेला हात टेकवला. "सहानुभूती तुमच्या मर्जीवर हाय, बाबा," ते म्हणाले. "आमच्या जीपमदी ड्रायव्हर माझं तोंड बघतंय, मी त्याचं बघतोय. उद्या त्याला त्याच गावात राहायचंय. तिथं नेम लागत न्हाई. तुमच्या त्या पोरीला मी पुन्हा दिसणार न्हाई, तिला माझं नाव ठाव न्हाई. तिची चूक मी म्हणत न्हाई. तिला वरून सांगितलं आसंल, जास्तीची तिकिटं इका म्हणून. जिथं माणूस माणसाला पुन्हा भेटणार न्हाई, तिथं नेम लागतंय. अन् नेम मोडला का न्हाई हे मोडणाऱ्यानंच लिहायचं नसतंय."

अधिकारी म्हणाले, "नेमकं काय हवंय तुम्हाला?"

"जागा नसंल तर न्हाई म्हणा. तोंडावर म्हणा, म्हंजे माणूस दुसरी वाट धरंल. मी गाडीनं निघालो असतो तर रात्री का होईना, माती ओली असताना पोचलो असतो. अन् मी हजर होतो, तेवढं लिहा."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली, वर कळवतो म्हणाले. कंपनीचा तरुण खाली बघत होता. चहा आला, बिस्किटं आली. अप्पांनी काही घेतलं नाही. मी मात्र तोंड उघडलंच. म्हणालो, "वर म्हंजे कुठं? अन् कवा?" अप्पांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बघू. सांगितलंय आता."

त्यानंतर ते दर महिन्याला बीदरला जायला लागले. कचेरीत जाऊन साहेबांना भेटायचे. साहेब बदलले, नवीन आले, त्यांना पहिल्यापासून सांगायचे. ज्या माणसानं कधी कुणाला एक गोष्ट दोनदा सांगितली नाही, तो माणूस बहिणीच्या मयताची गोष्ट टेबलाटेबलावर सांगत फिरत होता. मला त्याचा संताप यायचा. एकदा म्हणालो, "सोडा आता, अप्पा. कशाला जिवाला लावून घ्यायलाव? अक्काला ठाव हाय तुमी निघालात ते." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. अलीकडं पातेलं वाजवून बघायचंही त्यांनी सोडलं होतं. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की काढून द्यायचे.

अप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले, दवाखान्याची वेळ आली नाही. पण मला आठवतात ते त्याच्या थोडं आधीचे. बीदरच्या कचेरीतून परतताना म्हणाले, "दुबलगुंडीवरून जाऊ." मी जीप वळवली. दिवस अजून बराच वर होता. शेजारच्या शेतात तूर काढणं चाललं होतं. अक्काच्या समाधीवर आता सिमेंटचा छोटा कट्टा झाला आहे. अप्पांनी चपला काढल्या, कट्ट्यावरचा पाला हातानं झाडला आणि खाली मांडी घालून बसले. मला वाटलं, ध्यान करतील. पण ते तिच्याशी कानडीत बोलायला लागले, दुकानात बसून बोलावं तसे. आज साहेब भेटले. कागद वर गेलाय म्हणाले. ओळ अजून तशीच हाय, अक्का. त्यांनी लिहिलंय, मी आलोच न्हाई. पण मी आलो होतो. मी तिथंच बसलो होतो.

मग एकदम थांबले. काहीतरी आठवल्यासारखं झालं. माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "ह्या बाजूच्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं रे." आणि गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत उठले, कट्ट्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, तिथं वाकून बसले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागले, या वेळी मोठ्यानं.